मेथ्या घातलेला कागद

शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या घरांतून अजूनही एखादी कागदाची टोपली निघते. माळ्यावर पालथी पडलेली असते, नाहीतर चुलीमागच्या कोनाड्यात लसूण पोटात घेऊन बसलेली. हातात घेतली तर वजन जाणवत नाही, बोटाने वाजवली तर टणक लागते. वरून गेरूचा हात फिरवलेला, काठ थोडा वेडावाकडा. नाकाशी नेली की इतक्या वर्षांनीही मेथीचा कडवट वास येतो. माझ्याकडे आहे ती सासूबाईंच्या हातची.

ती कशी करायची हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. रद्दी हाताने फाडायची, कात्री लावायची नाही. फाडलेल्या कडेला कागदाचे तंतू मोकळे होतात आणि पुढे एकमेकांत गुंततात. कापलेली कड तशी गुंतत नाही. तुकडे जुन्या पत्र्याच्या डब्यात भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी कागद बोटांत विरघळायला लागतो. मग तो पिळायचा आणि उखळात कुटायचा. मेथ्या आदल्या रात्री वेगळ्या भिजवलेल्या असतात. सकाळपर्यंत त्या फुगून बुळबुळीत होतात, पाट्यावर वाटल्या की चिकट गोळा होतो. तो लगद्यात घालून कणकेसारखं मळून घ्यायचं. घमेलं पालथं घालून त्यावर जुन्या लुगड्याचं ओलं फडकं पसरायचं, कारण लगदा वाळताना आकसतो. फडकं नसेल तर घमेल्याला असा आवळून बसतो की फोडल्याशिवाय सुटत नाही. मग थापायला घ्यायचं. तळापासून काठाकडे, तळव्याने, सगळीकडे सारख्या जाडीने. “आधी पानी पिळून काढ गो, मंग थाप,” एवढंच त्या सांगायच्या. ओला लगदा खाली घसरतो, तळ जाड होतो आणि काठ पातळ राहतो, हे त्यांना माहीत होतं. का घसरतो ते त्यांनी कधी समजावलं नाही. हात धरून दाखवलं.

मेथीचं काम दुहेरी. ती चिकटवते आणि कडवटपणामुळे कीड दूर ठेवते. आपल्या भागात पूर्वीपासून बुरुडाकडच्या दुरड्या आणि सुपं शेणाने सारवून घेण्याची रीत आहे, कारण बांबूच्या विणीतून नागली, वरई यांसारखं बारीक धान्य गळतं. कागद मिळायला लागल्यावर त्याच बायकांनी लगद्याचा लेप दुरडीला लावून पाहिला असावा, आणि मग दुरडीशिवाय नुसत्या लगद्याचीच टोपली उभी केली असावी. हे कोणी शिबिर भरवून शिकवलं नव्हतं. महाराष्ट्रात पुष्कळ गावांतून आज्यांच्या हाताला ही टोपली येत होती आणि कुठल्या गावाने ती आधी केली हे सांगता येणार नाही.

सासूबाईंच्या लहानपणी गावात कागदच फारसा नव्हता. किराणा यायचा त्या पुड्या, एखादं पंचांग, शाळेत जाणाऱ्या मुलग्याच्या वह्या, एवढाच. पुढे दिनदर्शिका घराघरांत आल्या. ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघालं, आणि खेड्यातल्या भिंतीवर वर्षभर टिकणारा चांगला जाड कागद आला तो त्या सुमारास. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. कागदाला पाय लागला तर त्या वाकून त्याला हात लावायच्या आणि कपाळाला न्यायच्या. रद्दी फाडायला बसल्या की आधी घरातल्या शिकलेल्या माणसाला हाक मारायच्या आणि एकेक पान पुढे धरून विचारायच्या, “ह्यात देवाचं नाव नाय ना?” नाही म्हटलं की मगच पान फाटायचं. देवाचं चित्र असलेलं पान त्या बाजूला ठेवायच्या, ते कोणी कधी फेकलं नाही.

नातवंडांना घेऊन कागदकाम करायला बसते तेव्हा मला हे सगळं आठवतं. माझ्या नातवंडांच्या घरी कागद दारावर येऊन पडतो. डोंबिवलीत दर दोन दिवसांनी काही ना काही खोक्यात भरून येतं. खोकं एवढं मोठं आणि आतली वस्तू मुठीत मावेल इतकी. आता ती खोकी आमच्या गावापर्यंतही यायला लागली आहेत. पडघा-भिवंडीकडे महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गोदामं उभी राहिली, समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये आमच्याच शहापूर तालुक्यातून आमण्यापर्यंत खुला झाला. माल फिरतो तसा पुठ्ठाही फिरतो. मुलांच्या हातात कागद भरपूर आहे, पण कागदाने काय काय करता येतं ते दाखवणारा हात त्यांच्या रोजच्या जगात नाही. दुकानात ‘क्राफ्ट किट’ मिळतं. त्यात आधीच कापलेले तुकडे असतात, चिकटवायला मागे गोंद लावलेला असतो, आणि पुढच्या चित्रासारखं झालं की काम संपतं. मुलं ते अर्ध्या तासात संपवतात आणि पुढचं मागतात.

माझं मत स्पष्ट आहे. आजीने किंवा आजोबांनी नातवंडांबरोबर जी वस्तू करायची ती घरात वापरायला जाणारी असावी. कपाटावर ठेवून पाहुण्यांना दाखवायची असेल तर मुलाला ताबडतोब कळतं की आपल्याला गुंतवून ठेवलं आहे. टोपलीत लसूण पडला, कंदिलात दिवा लागला, पाकिटातून आहेर गेला, की त्याच मुलाची पाठ ताठ होते. त्याच्या हातचं काहीतरी घराच्या कामाला आलं. ज्या घरात आजी सुपाने धान्य पाखडते, त्या घरात मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पहिलं काम कंदिलाचं. आसनगावच्या स्टेशनवर कसारा लोकलमधून मुलं उतरतात तेव्हा शेतांत भात पिवळा झालेला असतो, काही ठिकाणी कापणी सुरू असते. पाड्यांवर वाघबारस झालेली असते किंवा व्हायची असते. बांबू आमच्या कुंपणालाच आहे. कामट्या तासायचं काम आजोबांचं, कारण कोयत्याला धार असते आणि बांबूची कुसळं बोटात गेली की दिवसभर ठसठसतात. मुलांनी कामट्यांना खाचा पाडायच्या आणि दोऱ्याने बांधायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. अष्टकोन बांधताना एक गाठ सैल राहिली की सगळा सांगाडा कलतो, आणि कोणती गाठ सैल आहे हे डोळ्यांना दिसत नाही, हाताने दाबून शोधावी लागते. धाकट्या नातवाला हा शोध कंदिलापेक्षाही जास्त आवडतो. तो एकेक सांधा दाबत फिरतो आणि सापडली की ओरडतो.

कागद म्हणून आम्ही पतंगी कागद विकत आणत नाही. थोरल्या नातीच्या संपलेल्या वह्यांची पानं घेतो आणि त्यांना तेल लावतो. कापसाच्या बोळ्याने, अगदी थोडं, मग जुन्या कापडाने टिपून रात्रभर वाळत टाकतो. पान मेणचट दिसायला लागतं आणि त्यातून उजेड आरपार येतो. कागदात तंतूंच्या मधे हवा असते, तिच्यात उजेड इकडेतिकडे फेकला जातो म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. तेल त्या फटी भरून काढतं आणि उजेड सरळ बाहेर पडतो. थोरलीने हे शाळेच्या पुस्तकात शोधून मला सांगितलं. मला तेलकट कागदाचा अनुभव होता, त्यामागचं कारण तिला माहीत होतं. दोघींचं मिळून पूर्ण झालं. दिवा लागला तेव्हा तिच्याच अक्षरातली गुणाकाराची उदाहरणं कंदिलावर उमटली, एक चुकलेलं आणि बाईंनी लाल खूण केलेलंही त्यात होतं. ते पान काढून टाकू का, असं ती विचारत होती. मी राहू दे म्हटलं.

दोन गोष्टींची काळजी मात्र मी घेते. तेलाचा कागद पटकन पेट घेतो, तेव्हा आत पणती ठेवायची नाही, छोटा एलईडी दिवाच सोडायचा. आणि खळीत मोरचूद घालायचं नाही. कीड लागू नये म्हणून पूर्वी चिमूटभर घालायचे, पण ते विष आहे आणि मुलांची बोटं तोंडात जातात. तांदळाच्या पिठाची ताजी खळ करावी, त्यात मेथीचं पाणी घालावं, उरली तर दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी.

कंदील झाला की किल्ला. मुंबई-ठाण्यातली मुलं रायगड, प्रतापगड, सिंहगड करतात. आमच्याकडे माहुली करायचा, हा माझा हट्ट आहे. आसनगावला उतरलं की तो समोर दिसतो. आपल्या डोळ्यांसमोरचा गड सोडून पुस्तकातला कशाला? माहुलीचे तीन भाग, मधे माहुली आणि दोन बाजूंना भंडारगड आणि पळसगड, म्हणून खोकी तीन लागतात. वजीराचा सुळका उभा करायला पुठ्ठ्याची नळी पुरते. नवरा, नवरी आणि भटजी या सुळक्यांसाठी धाकटा स्वतः नळ्या गोळा करतो आणि नवरी नवऱ्याहून उंच होऊ नये याची चर्चा होते. खोक्यांवर लगदा थापला की कडा तयार होतो. मातीचा किल्ला पावसाच्या एका सरीत जातो. लगद्याचा पुढच्या वर्षीपर्यंत माळ्यावर राहतो आणि वरच्या सपाटीवर पुन्हा हळीव पेरता येतो.

काम चालू असताना गोष्ट सांगते. १६३६ साली निजामशाहीचा शेवट याच गडावर झाला. शहाजीराजांनी लहानग्या निजामशहाला घेऊन इथे आसरा घेतला होता, मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांनी वेढा घातला आणि राजांना तह करावा लागला. जिजाबाई आणि बालशिवाजी त्या काळात गडावर होते असं इकडे सांगतात. पुढे शिवाजी महाराजांनी गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मुघलांना द्यावा लागला, आणि १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत मिळवला. धाकट्याला तह म्हणजे काय ते समजत नव्हतं. किल्ल्यावरचं आपलं निशाण काढून थोरलीने तिचं लावलं तेव्हा समजलं.

लगद्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. कागदाचा म्हणजे निसर्गाचा मित्र, असं सरसकट धरून चालत नाही. राज्य शासनाने २०११ साली कागदी लगद्याच्या गणेशमूर्तींना उत्तेजन दिलं होतं, आणि २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने त्याला स्थगिती दिली, कारण लगदा पाण्यात विरघळला की शाई आणि कागदातली रसायनं पाण्यात उतरतात. तेव्हा मी लगद्याला वह्यांची पानं आणि साधा पुठ्ठा घेते, रंगीत छापील मासिकं घेत नाही. टोपलीला आतून पांढऱ्या कागदाचं अस्तर लावते आणि तिच्यात सोललेलं, चिरलेलं काही ठेवत नाही. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ पासून वेळोवेळी बजावलं आहेच. आणि भिजवल्याचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या काठाला ओतायचं नाही. मुंबईला जितकं पाणी सात तलावांतून जातं त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसा धरणाचं आहे, आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यात आहे. तानसाही इथेच. आपल्या उगमावर आपण काय सांडतो याकडे आपणच लक्ष द्यायला हवं.

याच पाण्यामुळे आमच्याकडे लगद्याचं काम मे महिन्यात करायचं नसतं. धरणं आमच्या तालुक्यात आहेत, पण एप्रिल-मे आला की इथल्या कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. बायका हंडे घेऊन उभ्या असताना कागद भिजवायला रोज बादलीभर पाणी ओतायचं, हे माझ्या हातून होणार नाही आणि मुलांनाही मी ते करू देणार नाही. दिवाळीला विहिरी भरलेल्या असतात, लगदा तेव्हाचा. उन्हाळ्याची सुट्टी कोरड्या कामाची.

आणि उन्हाळ्यात कागद असतो तो लग्नपत्रिकांचा. कुणबी-आगरी गावांत लग्नाचं आमंत्रण घरटी जातं, सगळ्या भावकीला, आजूबाजूच्या गावांना, नोकरीतल्या साहेबापासून दूधवाल्यापर्यंत. एप्रिल संपेपर्यंत देवघराच्या खिळ्याला पत्रिकांचा जुडगा लोंबतो. कागद उत्तम असतो, जाड, सोनेरी कडेचा, कधी मखमली. त्याची आम्ही आहेराची पाकिटं करतो. पत्रिका उलटी घ्यायची, म्हणजे कोरी बाजू बाहेर येते. जुनं पाकीट हलकेच उकलून त्याचा साचा काढायचा आणि घड्या घालायच्या. नखाने घडी मारू नये, चमच्याच्या पाठीने मारावी, म्हणजे सोनेरी वर्ख निघत नाही. गणपतीचं चित्र असतं ते कापून पाकिटाच्या वर चिकटवायचं. सासूबाईंनी तेही पान फाडू दिलं नसतं, तेव्हा चित्र पाकिटावर राहिलेलं बरं. पुढच्या लग्नाला जाताना आमच्या घरातून आहेर त्या पाकिटातून जातो, आणि नवरदेवाच्या काकाने पाकीट उलटसुलट करून कुठून आणलं विचारलं तर धाकटा पुढे होऊन सांगतो.

हातातल्या वस्तूने मूल शिकतं, ही गोष्ट आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन सांगावी लागत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पालघर वेगळा जिल्हा झाला तो २०१४ मध्ये. तोवर कोसबाडही ठाण्याचंच. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? या दोघींनी बिया, शिंपले, पानं, काड्या, माती घेतली आणि त्यांचीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांच्या मागे कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. आज देशभर जी अंगणवाडी चालते तिची मुळं या कामात आहेत. पुढे अरविंद गुप्तांनी आगकाड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि जुने कागद घेऊन विज्ञानाची खेळणी केली, पुण्याच्या आयुका संस्थेत बसून हजारो मुलांना ती दाखवली, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घरात आजी म्हणून मी जे करते त्याला इतका भक्कम वारसा आहे, याचा मला आधार वाटतो.

मला सर्वात जवळची वाटणारी गोष्ट मात्र मुरबाड तालुक्यातली. फांगणे गावातली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर तिथे होते. शिवजयंतीला गावात शिवचरित्राचं वाचन चाललं होतं, आणि म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवलं की आपल्यालाही वाचता आलं असतं तर बरं झालं असतं. बांगर सरांनी ते मनावर घेतलं. ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत मिळाली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या बाया गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत यायला लागल्या. दुपारचे दोन ते चार, म्हणजे सकाळची कामं आटपलेली आणि संध्याकाळची चूल पेटायची. पाटीवर आपलं नाव काढायला शिकल्या. घरी गेल्यावर नातवंडं त्यांचा अभ्यास घ्यायची.

मी ही बातमी वाचली तेव्हा सासूबाई गेल्याला काही वर्षं झाली होती. त्या असत्या तर मी त्यांना दप्तर घेऊन दिलं असतं. आयुष्यभर त्यांनी कागद हाताळला तो पुडी सोडताना, फाडताना, कुटताना, थापताना. वाचताना कधीच नाही. आणि तरीही कागदाचं जे ज्ञान त्यांच्या बोटांत होतं ते माझ्या शिकलेल्या बोटांत नव्हतं. फांगण्याच्या घरांत दोघं समोरासमोर बसायची: नातू आजीला ‘क’ची गाठ कशी द्यायची ते दाखवायचा. अशा बैठकीत आजीने नातवाला लगद्याची टोपली दाखवावी, असं मला फार वाटतं. तिने एक घ्यायचं, एक द्यायचं. कुणीच नुसतं शिकवणारं नाही आणि कुणीच नुसतं शिकणारं नाही. आणि घरातली सगळी रद्दी लगद्याला गेली तरी चालेल, पण म्हाताऱ्या आजीने थरथरत्या हाताने स्वतःचं नाव ज्या वहीत पहिल्यांदा लिहिलं ती वही जाऊ देऊ नये. ती नातवंडांनी आपल्या दप्तराच्या तळाशी ठेवावी, मोठेपणी घरात ठेवावी. त्या कागदाला आजीच्या हाताने दुसरं रूप द्यायची गरज नाही.

हे लिहिताना एक गोष्ट मनात सलते, ती लपवणार नाही. ‘सुट्टी’ हा शब्द आपल्याकडे सगळ्या मुलांच्या वाट्याला सारखा येत नाही. दिवाळी संपली की शहापूर-मुरबाडच्या कातकरीवाड्यांतून कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, कल्याणकडे, पनवेलकडे. पाऊस तोंडावर येईपर्यंत परतत नाहीत. काही मुलं आईबापांबरोबर भट्टीवर जातात, काही मागे आजीआजोबांजवळ राहतात, कुठे वसतिगृहात. मागे राहिलेल्या मुलाला सुट्टीत कुणी गावाकडे नेत नाही. तो गावाकडेच असतो आणि आई गावाबाहेर असते. त्याच्या आजीच्या हातात कौशल्य कमी नसतं. कारवीच्या काठीपासून करवंदाच्या पाटीपर्यंत, चिकणमातीच्या बैलापासून जाळ्यापर्यंत तिला पुष्कळ येतं. तिच्याकडे कागद नसतो, आणि बसून दाखवायला दिवसातला वेळ नसतो, कारण मजुरी तिलाही करावी लागते.

म्हणून आता खोकी साठली की मी ती सगळी घरात ठेवत नाही. सुट्टी सुरू व्हायच्या आधी मुलांनी आणलेल्या कोऱ्या पाठीचे कागद, उरलेला पुठ्ठा, न संपलेल्या वह्या, दोऱ्याची रिळं, एका गोणपाटाच्या पिशवीत भरून वाडीतल्या अंगणवाडीत देते. अंगणवाडीच्या बाईंना सांगते की आज्यांना बोलवा, त्यांना दाखवायला सांगा. मागे एकदा एका आजीने जाड पुठ्ठ्याची सूप-दुरडी करून दाखवली आणि पोरांनी तिच्यात बोरं भरून खाल्ली. कडा तिने शिवल्या होत्या पळसाच्या मुळाच्या वाखाने. हा वाख पाणी लागून सुटत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या टोपलीच्या काठाला आता मी तोच घालते.

शहापूर, मुरबाड, वासिंद, टिटवाळा इथे जाऊन राहिलेल्या, आणि शहरातल्या खोल्यांत नातवंडांची वाट पाहणाऱ्या सगळ्या आज्यांना आणि आजोबांना माझं सांगणं आहे. या दिवाळीत रद्दीवाल्याला एक महिना थांबवा. वह्या वेगळ्या काढा, रंगीत छापील वेगळं काढा. खोक्यांवरची प्लॅस्टिकची चिकटपट्टी सोलून टाका, ती लगद्यात राहिली तर टोपली त्या जागी तडकते. वाण्याकडून पावशेर मेथ्या आणा. मुलं यायच्या तीन दिवस आधी कागद भिजत घाला, म्हणजे ती पोचतील त्या सकाळी लगदा कुटायला तयार असेल. आणि पहिली टोपली त्यांना थापू द्या, काठ वाकडा आला तरी हात लावू नका.